पहिल्या अनुसूचीतले रकाने

पोलीस ठाण्यात गालावरचा वळ दाखवत एक माणूस उभा आहे. शेजाऱ्याने मारले, त्याला आत टाका, अशी त्याची मागणी आहे. ठाणे अंमलदार मात्र तक्रार नोंदवून घेतो, नोंदीची प्रत त्याच्या हाती देतो आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागण्यास सांगतो. हीच ती सर्वांच्या तोंडी असलेली 'एनसी', म्हणजे 'नॉन-कॉग्निझेबल' किंवा अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तक्रारदार चिडतो, पण ही टाळाटाळ नव्हे. साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा असून न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्याचा तपास करण्याचा अधिकारच पोलिसांना नाही.

त्याच मारहाणीत दात किंवा हाड मोडले असते, तर ती जबर दुखापत ठरली असती आणि गुन्हा दखलपात्र झाला असता. अशा गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यांपैकी एक जरी दखलपात्र असेल, तरी सारे प्रकरण दखलपात्रच मानले जाते.

हे सारे ठरते ते 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. तिथे प्रत्येक कलमासमोर शिक्षा, दखल, जामीन आणि न्यायालय असे रकाने आहेत, आणि एका रकान्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणाऱ्याची हमखास फसगत होते. जबर दुखापतीला 7 वर्षांपर्यंत कारावास आहे, तरी ती जामीनपात्र आहे. चाकूने केलेल्या साध्या दुखापतीला 3 वर्षांपर्यंतच कारावास आहे, तरी ती अजामीनपात्र आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतो, एवढाच भेद.

खटल्यांची विभागणी शिक्षेवरून होते. मृत्युदंड, आजन्म कारावास किंवा 2 वर्षांहून अधिक कारावासाची तरतूद असलेला तो वॉरंट खटला. बाकीचे समन्स खटले, ज्यांत न्यायालयाने रीतसर दोषारोप निश्चित न करता आरोपीला आरोपाचा तपशील सांगून गुन्हा कबूल आहे का, असे विचारले जाते.

गालावरच्या वळाचे प्रकरण न्यायालयात गेलेच, तर ते समन्स खटला म्हणून चालेल, कारण साध्या दुखापतीची कमाल शिक्षा 1 वर्ष आहे. तोवर राग निवळला, तर तक्रारदार न्यायालयाच्या परवानगीविना ते आपसात मिटवू शकतो. हाड मोडले असते, तर त्यासाठीही परवानगी घ्यावी लागली असती.