स्वभावाचे प्रकार आणि संस्थेतलं रोजचं काम

मित्रहो, कळवा, मुंब्रा, ऐरोली, तुर्भे अशा ठिकाणी वस्तीत काम करणाऱ्या संस्थांमधून तुम्ही इथे ठाण्यात जमला आहात. विषय स्वभावप्रकारांचा आहे, पण सुरुवात चाचणीपासून नको. टीमचं काम नेमकं कुठे अडतं, तिथून करू.

समजा, तुर्भे स्टोअरच्या वस्तीत तुमची अभ्यासिका आहे. आठवीतली एक मुलगी आठवडाभर आलेली नाही. वस्तीताई, म्हणजे वस्तीत फिरणारी तुमची कार्यकर्ती, तिच्या घरी जाते, आईशी बोलते आणि दुपार तिथेच जाते. मुलगी परत यायला तयार होते. पण महिन्याची एक्सेल शीट भरायची राहते. साडेपाचला ऑफिसातून फोन येतो, ‘ताई, बाकीचं नंतर बोलू, आधी आकडे पाठवा.’ ताईला वाटतं, यांना माणसाचं काही पडलेलं नाही. फोन करणाऱ्याला वाटतं, यांना शिस्त नाही. वास्तविक अहवाल लांबला की फंडरचा, म्हणजे संस्थेला पैसे देणाऱ्याचा, हप्ता लांबतो आणि ताईचंच मानधन अडकतं, याच काळजीने त्याने फोन केलेला असतो. दोघांची कळकळ एकच आहे. ती एकमेकांना दिसत नाही.

अशा वेळी स्वभावप्रकारांची भाषा उपयोगी पडते. कार्ल युंग यांनी 1921 साली मांडलेल्या विचारांवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी एमबीटीआय (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर) ही चाचणी तयार केली. तिच्यात चार जोड्या आहेत. माणसाला हुरूप चारचौघांत येतो की एकटं राहून? माहिती घेताना तो तपशील धरतो की एकूण चित्र? निर्णय घेताना आधी निकष बघतो की समोरचा माणूस? काम आखून करतो की वेळ येईल तसं? प्रत्येक जोडीतली आपली बाजू एका इंग्रजी अक्षराने दाखवतात. अशा चार जोड्यांचे मिळून सोळा प्रकार होतात.

आता तिच्या मर्यादा. बहुतेक माणसं या जोड्यांच्या टोकाला नसतात, मध्याच्या आसपास असतात. चाचणी मात्र बरोबर मध्यावर रेघ मारते. त्यामुळे रेघेच्या जरासे अलीकडे आणि जरासे पलीकडे असलेले दोघं, जवळपास सारखे असूनही, वेगळ्या खान्यांत जातात आणि काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली तर अनेकांचं एखादं अक्षर बदलतं. म्हणून संशोधक पाच गुणांच्या, म्हणजे ‘बिग फाइव्ह’ पद्धतीवर जास्त भरवसा ठेवतात. तिथे खाने नसतात, कमी-जास्त प्रमाण असतं. पण तिच्यात चिंतातुरपणाही मोजला जातो आणि वरिष्ठांसमोर त्याची चर्चा कुणालाही नकोशी वाटेल. टीममध्ये बोलायला चार जोड्याच बऱ्या, कारण त्यांतलं कुठलंच टोक कमीपणाचं नाही.

दुसरा धोका ‘अगदी मीच!’ असं वाटण्याचा. बर्ट्राम फोरर यांनी 1948 साली 39 विद्यार्थ्यांना त्यांचं म्हणून स्वभाववर्णन दिलं. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर दिला होता. तो किती जुळतो, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. तेव्हा वर्णन पटलं म्हणजे चाचणी खरी ठरली असं होत नाही. भरती, बढती, कुणाला फील्डवर पाठवायचं, यांतला एकही निर्णय स्वभावप्रकारावरून घेऊ नका.

मग करायचं काय? दहा-बारा जणांसाठी अडीच तास काढा. मार्च महिना टाळा. इंटरनेटवरची मोफत इंग्रजी चाचणी वस्तीताईंच्या हाती देऊ नका. पार्टीत तुम्ही कसे वागता, अशा प्रश्नांना त्या काय उत्तर देणार? त्यापेक्षा जमिनीवर चार-पाच मीटरची चिकटपट्टी लावा. तिची दोन टोकं म्हणजे जोडीच्या दोन बाजू. एकेका जोडीसाठी कामातला प्रसंग सांगा. ‘वस्तीतून दमून आल्यावर लगेच कुणाशी तरी बोलावंसं वाटतं, की अर्धा तास गप्प बसावंसं वाटतं?’ आधी प्रत्येकाने आपली जागा कागदावर लिहायची, मगच उभं राहायचं. लिहून घेतलं नाही तर संस्थापक सर किंवा मोठ्या ताई जिथे उभ्या राहतील तिथे सगळे जमतात. पट्टीच्या मध्यावर गर्दी दिसेल. ती सगळ्यांना नीट बघू द्या, म्हणजे रेघेबद्दल मी आत्ता जे बोललो ते वेगळं समजवावं लागणार नाही.

मग एकमेकांपासून लांब उभ्या असलेल्या दोघादोघांच्या जोड्या लावा आणि जोडीला वीस मिनिटं द्या. एकाने सांगायचं: घाईत माझं काय बिघडतं, तेव्हा लोक माझ्याबद्दल काय समज करून घेतात आणि मला नेमकी कसली मदत हवी असते. दुसऱ्याने सल्ला न देता ऐकलेलं परत सांगायचं, पहिल्याने दुरुस्त करायचं. मग अदलाबदल. सगळा वेळ परत सांगण्यातच जातो, आणि तो जाऊ द्यावा. समोरच्याचं म्हणणं आपण किती चुकीचं ऐकतो ते तिथेच कळतं. नियम एकच: प्रत्येकाने फक्त स्वतःबद्दल बोलायचं. ‘तू तर अबोलच आहेस’ असं कुणी म्हणालं की सत्र चालवणाऱ्याने तिथल्या तिथे थांबवायचं. हा शिक्का एकदा लागला की ती ताई पुढच्या बैठकीत तोंड उघडत नाही.

शेवटचा अर्धा तास कामाच्या ठरावांसाठी ठेवा. तीनच ठराव, तेही तारीख घालून. तुर्भ्याच्या उदाहरणात असं ठरेल: गृहभेटीच्या दिवशी ताई दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवेल, शीटमधल्या नोंदी ऑफिस करेल, आणि ऑफिसचा फोन आला की पहिला प्रश्न मुलीबद्दल असेल. गप्प राहणाऱ्यांसाठी बैठकीचे विषय आदल्या दिवशी ग्रुपवर टाकायचे आणि बैठकीत पहिली दोन मिनिटं सगळ्यांनी लिहायचं. वरिष्ठांनी स्वतःच्या अडचणी सर्वांत आधी सांगायच्या, मत मात्र सर्वांत शेवटी द्यायचं.

एक गोष्ट इथे कळकळीने सांगतो. एकाच ताईकडे तीन वस्त्या असतील आणि प्रवासखर्च दोन-दोन महिने मिळत नसेल, तर तिची चिडचिड हा तिचा स्वभाव नव्हे. असल्या प्रश्नावर स्वभावाचं सत्र घेणं म्हणजे तिच्यावर अन्याय करणं. आधी वस्त्या वाटून द्या, पैसे द्या.

सत्रात लिहिलेले कागद ज्याचे त्याने घरी न्यावेत, संस्थेच्या फाइलला लावू नयेत. भिंतीवर फक्त ठराव लावा. सहा आठवड्यांनी पंधरा मिनिटं बसून प्रत्येक ठराव पाळला गेला का ते विचारा. जो पाळला गेला नाही तो कुणाला जड गेला हे समजून घ्या आणि बदला.