बॉनीच्या ओठांतला सिगार

पडद्यावर दिसणारे हे कृष्णधवल छायाचित्र थट्टामस्करीत काढलेले आहे. एक ठेंगणी तरुणी मोटारीसमोर उभी आहे. तिचा एक पाय बंपरवर आहे, कोपर पुढच्या दिव्यावर टेकलेले आहे, कमरेशी धरलेल्या हातात पिस्तूल आहे आणि ओठांत जाडजूड सिगार आहे. ही बॉनी पार्कर, १९३० च्या दशकात साथीदार क्लाइड बॅरोसह अमेरिकेत लूटमार आणि खून करत फिरलेल्या टोळीतली तरुणी. ती सिगारेट ओढत असे. सिगार केवळ फोटोपुरता तोंडात धरला होता. हे चित्र कुणा परक्याच्या हाती पडेल, अशी कल्पना काढणाऱ्याला नव्हती आणि काढून घेणारीलाही नव्हती.

१३ एप्रिल १९३३ रोजी मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन शहरात पोलिसांनी एका भाड्याच्या घरावर छापा घातला. घरात क्लाइड बॅरो, बॉनी, क्लाइडचा थोरला भाऊ बक, बकची पत्नी ब्लँच आणि डब्ल्यू. डी. जोन्स नावाचा कोवळा पोरगा होता. गोळीबारात दोन पोलीस मारले गेले आणि टोळी नेसत्या वस्त्रांनिशी पळाली. मागे बकच्या तुरुंगातून सुटकेचे कागद, बॉनीच्या हस्ताक्षरातली एक कविता आणि न धुतलेल्या फिल्मसह कॅमेरा राहिला. स्थानिक वृत्तपत्राने ती फिल्म धुऊन घेतली आणि तारेने चित्रे देशभर गेली. त्या दिवसापासून अमेरिकेच्या लेखी बॉनी सिगार ओढणारी, पिस्तूल चालवणारी बाई झाली.

आज आपण ज्या मालिकेविषयी बोलणार आहोत, ती या छापील बॉनीचीच वंशज आहे. ‘बॉनी अँड क्लाइड’ ही दोन भागांची मालिका ८ आणि ९ डिसेंबर २०१३ रोजी ए अँड ई, हिस्टरी आणि लाइफटाइम या तिन्ही वाहिन्यांवरून एकाच वेळी प्रसारित झाली. दिग्दर्शन ब्रूस बेरेसफर्ड यांचे होते. एमिल हर्श क्लाइडच्या आणि हॉलिडे ग्रेंजर बॉनीच्या भूमिकेत होती, तर त्यांचा माग काढणाऱ्या फ्रँक हॅमरचे, म्हणजे टेक्सास रेंजर्स या राज्य पोलीस दलातल्या माजी अधिकाऱ्याचे, काम विल्यम हर्ट यांनी केले. कथेचा सांगाडा ऐतिहासिकच आहे: वेस्ट डॅलसची गरिबी, दोघांची गाठ, बक आणि ब्लँच, हॅमरचा पाठलाग, लुइझियानातला शेवट. परंतु या सांगाड्यावर मालिकेने दोन गोष्टी आपल्या पदरच्या चढवल्या. एक म्हणजे, लहानपणीच्या आजारपणानंतर क्लाइडला पुढचे दिसू लागते. दुसरी म्हणजे, प्रसिद्धीसाठी आसुसलेली बॉनी हीच या साऱ्या रक्तपाताची चालक ठरते आणि क्लाइड तिच्यामागे ओढला जातो. वाहिनीचे नाव हिस्टरी असले म्हणून तिने इतिहासच दाखवावा असा काही नियम नाही, हे मान्य; तरी या दोन कल्पनांमुळे नेमके काय झाकले जाते, ते पाहण्याजोगे आहे.

आधी क्लाइडचे पाहू. तो १९०९ मध्ये टेक्सासच्या एलिस परगण्यात, कर्जात बुडालेल्या कुळाच्या घरी जन्मला. कुटुंब वेस्ट डॅलसला आले तेव्हा सुरुवातीचे काही महिने त्यांचा मुक्काम स्वतःच्या घोडागाडीखाली होता. तंबू घेण्याइतके पैसे साठायलाही वेळ लागला. लहानपणचे आजारपण खरे आहे, पण त्याचा परिणाम वेगळा होता. क्लाइडला नौदलात जायचे होते, त्याने दंडावर नौदलाची आद्याक्षरेही गोंदवून घेतली होती, आणि जुन्या दुखण्यामुळे भरतीत त्याला नापास करण्यात आले. दिव्य दृष्टी कुठे आली नाही, हातची नोकरी मात्र गेली.

त्याच्या आयुष्याला वळण कुठे मिळाले हे विचाराल, तर नोंदी ईस्टहॅमकडे बोट दाखवतात. टेक्सासच्या या तुरुंगशेतावर तो एप्रिल १९३० मध्ये पोहोचला तेव्हा २१ वर्षांचा होता. तिथे एका दांडग्या कैद्याने त्याच्यावर वारंवार लैंगिक अत्याचार केले. शेवटी क्लाइडने नळीचा तुकडा घालून त्याचा जीव घेतला आणि जन्मठेपेच्या दुसऱ्या एका कैद्याने तो गुन्हा अंगावर घेतला. शेतावरच्या मरणप्राय कामातून सुटण्यासाठी जानेवारी १९३२ मध्ये क्लाइडच्या डाव्या पायाची दोन बोटे कुऱ्हाडीने तोडण्यात आली. त्याच्या आईने केलेला सुटकेचा अर्ज तेव्हाच मंजुरीच्या वाटेवर होता. बोटे गेल्यानंतर आठवडाही उलटला नाही, तोच २ फेब्रुवारीला तो बाहेर आला आणि जन्मभर लंगडत राहिला. ज्याला चार दिवस पुढचे दिसते, तो माणूस पायाची बोटे कशाला तोडून घेईल?

सुटल्यावर त्याला बँकांपेक्षा ईस्टहॅमवर सूड उगवण्याचा ध्यास होता, असे त्याचे साथीदार सांगत. बॅरो टोळी बहुतांशी किराणा दुकाने आणि पेट्रोलपंप लुटत असे. बँका मोजक्याच आणि लूटही बेताची. १६ जानेवारी १९३४ रोजी क्लाइडने खरोखरच ईस्टहॅमचे काही कैदी पळवले आणि त्यात एका पहारेकऱ्याचा बळी गेला. त्यानंतरच टेक्सासच्या तुरुंगप्रमुखांनी, ली सिमन्स यांनी, फ्रँक हॅमरला बोलावून घेतले. म्हणजे शेवटाकडे नेणारी साखळी एका तुरुंगापासून त्याच तुरुंगापर्यंत जाते. मालिकेने क्लाइडला स्वप्नदृष्टान्त बहाल केले, की ही साखळी ढिली पडते; जे एका सरकारी संस्थेने घडवले, ते नशिबाच्या खात्यावर जमा होते.

आता बॉनी. ती १९१० मध्ये रोवेना गावी जन्मली. ती चार वर्षांची असताना गवंडीकाम करणारे वडील गेले. सोळावे लागण्याच्या तोंडावर तिने रॉय थॉर्नटनशी लग्न केले. हे लग्न टिकले नाही, पण मोडलेही नाही: घटस्फोट कधीच झाला नाही आणि मृत्यूच्या वेळी तिच्या बोटात रॉयचीच अंगठी होती. मधल्या काळात ती डॅलसमध्ये उपाहारगृहात वाढपी म्हणून काम करी. तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत टेड हिंटन नावाचा टपाल कर्मचारी होता. हे नाव ध्यानात ठेवावे. जानेवारी १९३० मध्ये एका परिचिताच्या घरी तिची क्लाइडशी भेट झाली आणि दोन महिन्यांत तिने वेको इथल्या तुरुंगात त्याला चोरून पिस्तूल पोहोचवले. त्यामुळे ती भोळीभाबडी, फसलेली मुलगी होती असे म्हणणेही चुकीचेच ठरेल. डोळे उघडे ठेवून ती त्याच्यासोबत राहिली.

परंतु सोबत राहणे वेगळे आणि लगाम हाती असणे वेगळे. डब्ल्यू. डी. जोन्सने पुढे स्पष्ट सांगितले, की तो हजर असलेल्या पाच मोठ्या चकमकींत बॉनीने एकदाही बंदूक चालवली नाही. गोळ्या मात्र ती भराभर भरून देई. शिवाय १० जून १९३३ च्या रात्री वेलिंग्टनजवळ, पूल नसलेल्या रस्त्यावर त्यांची गाडी नदीच्या पात्रात कोसळली आणि बॅटरीतल्या आम्लाने बॉनीचा उजवा पाय हाडापर्यंत भाजला. तो पुन्हा धड झाला नाही. उरलेले अकरा महिने ती एका पायावर उड्या मारत चाले, नाहीतर क्लाइड तिला उचलून नेई. पलायनाचे निम्मे आयुष्य अशा अवस्थेत काढलेल्या बाईला टोळीची सेनापती म्हणायचे, तर आधी तो पाय विसरावा लागतो.

मग रक्तपिपासू बॉनी आली कुठून? सिगारच्या फोटोने सुरुवात केली होती. उरलेले काम टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइन गावाजवळच्या घटनेने केले. १ एप्रिल १९३४, ईस्टरचा रविवार. डॅलसपासून जवळच रस्त्याकडेला उभी असलेली मोटार पाहून महामार्ग गस्तीचे दोन तरुण पोलीस, एडवर्ड व्हीलर आणि एच. डी. मर्फी, दुचाकींवरून तिच्याकडे वळले आणि दोघेही मारले गेले. लांबच्या शेतातून पाहिल्याचा दावा करणाऱ्या एका शेतकऱ्याने सांगितले, की पडलेल्या पोलिसावर बाईने जवळ जाऊन गोळ्या झाडल्या. वृत्तपत्रांनी ते उचलले. पुढे टोळीतल्या हेन्री मेथव्हिनने पहिली गोळी आपण झाडल्याचे कबूल केले आणि शेतकऱ्याची साक्ष टिकली नाही, पण तोवर जनमत फिरले होते. मर्फीची वाग्दत्त वधू लग्नासाठी शिवलेला पोशाख घालून त्याच्या अंत्यविधीला आली, ही बातमी वाचलेल्या माणसाला खुलासे ऐकण्यात रस नव्हता, आणि त्याला दोषही देता येत नाही. या टोळीच्या नावावर मांडल्या जाणाऱ्या तेरा खुनांपैकी नऊ पोलिसांचे आहेत.

मालिकेत पी. जे. लेन नावाची एक काल्पनिक वार्ताहर आहे आणि बॉनी आपल्याविषयीच्या बातम्यांवर हरखून जाताना दिसते. वृत्तपत्रांनी या दोघांना घडवले, हे लेखकांना कळलेले आहे; मात्र एवढे कळूनही त्यांनी बॉनी घेतली ती वृत्तपत्रातलीच.

खरे पाहता, या दोघांपैकी पुढचे कुणाला दिसत असेल तर ते बॉनीला, आणि त्यासाठी तिला दृष्टान्तांची गरज पडली नव्हती. दोघे पळून पळून पुन्हा पुन्हा वेस्ट डॅलसलाच येत. क्लाइड वडिलांच्या पेट्रोलपंपासमोरून जाताना चिठ्ठी घातलेली बाटली फेकत असे. मग त्याची आई फोनवर नातलगांना सांगे, की आज घरी तांबडा राजमा शिजतो आहे, आणि फोन चोरून ऐकणाऱ्यांना न कळता सगळे ठरल्या जागी जमत. मे १९३४ मधल्या अशाच एका भेटीत बॉनीने आपल्या आईच्या हाती एक कविता ठेवली. आपण दोघे मरणार आणि शेजारीशेजारी पुरले जाणार, असे तिने त्यात यमक जुळवून लिहिले होते.

२३ मे रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास लुइझियानातल्या गिब्सलँडजवळ मेथव्हिनच्या वडिलांचा ट्रक रस्त्यात उभा पाहून क्लाइडने वेग कमी केला. झुडपांत सहा जण दबा धरून होते. सुमारे १३० गोळ्या झाडल्या गेल्या. त्या सहांत आता डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा पोलीस, झालेला टेड हिंटन होता. गोळीबार थांबल्यावर त्याने हातकॅमेऱ्याने त्या फोर्ड गाडीचे चित्रीकरण केले. गाडीत शस्त्रांच्या राशीत एक सॅक्सोफोनही सापडला. थोड्याच वेळात गर्दी जमली आणि लोक बॉनीच्या केसांच्या बटा आणि रक्ताळलेल्या कपड्यांचे तुकडे कापून नेऊ लागले.

दफनाची वेळ आली तेव्हा बॉनीच्या आईने, एमा पार्कर यांनी, क्लाइडशेजारी जागा द्यायला साफ नकार दिला. क्लाइड वेस्टर्न हाइट्स स्मशानभूमीत बकजवळ आहे. बॉनीला आधी फिशट्रॅप स्मशानात पुरले आणि १९४५ मध्ये तिथून हलवून क्राउन हिलमध्ये नेले.