उंदरांचा केक आणि म्हातारीचे घारगे

(दृश्य : चित्रपुस्तकाची पानं उलटणारे छोटे हात. मागे स्वयंपाकघरातले आवाज.)

निवेदन :

दोन शेतउंदीर. निळ्या कपड्यांतला गुरी, लाल कपड्यांतला गुरा. टोपली घेऊन दोघं रानात निघालेत आणि वाटेत त्यांना दिसतं एक अंडं. एवढं मोठं, की दोघांना मिळून उचलत नाही. मग ते ठरवतात, अंडं घरी येत नसेल तर स्वयंपाकघरच रानात आणू. पॅन येतो, पीठ येतं, लोणी, दूध, साखर, काडेपेटी, अगदी दोघांचे एप्रनसुद्धा. अंड्याचं कवच दगडाने फोडायचं, दगडांचीच चूल मांडायची, आणि पॅनवर झाकण ठेवून वाट बघायची. वासाने रानातले प्राणी एकेक करून जमतात. झाकण उघडतं, तर आत टम्म फुगलेला, पिवळाधमक कास्तेरा!

कास्तेरा म्हणजे जपानी स्पंज केक. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर तो नागासाकीला पोचला. त्यांची जहाजं तिकडे जायची ती आपल्या गोव्याहूनच.

ही गोष्ट जपानमध्ये १९६३ साली ‘गुरी आणि गुरा’ या नावाचं चित्रपुस्तक म्हणून आली. शब्द रिएको नाकागावा यांचे, चित्रं त्यांच्या धाकट्या बहिणीची, युरिको यांची. दोघी आता हयात नाहीत, पण त्यांचं हे पुस्तक वाचून झालं की तोच केक करायचा, हा रिवाज जपानमधल्या कितीतरी घरांत आणि बालवाड्यांत आजही आहे.

(दृश्य : जुन्या बालवाडीचं रेखाचित्र. बुटकी टेबलं, खुर्च्या.)

हे पुस्तक जन्मलं तेच मुळी खाऊच्या वेळेतून. नाकागावा टोकियोतल्या एका बालवाडीत शिक्षिका होत्या. तिथल्या मुलांची एक लाडकी गोष्ट होती. वाघ झाडाभोवती इतके पळतात, इतके पळतात, की वितळून त्यांचं लोणी होतं, आणि त्या लोण्यातले पॅनकेक घरातले सगळे मिळून फस्त करतात. ती वाचल्यावर बालवाडीत खरोखरच पॅनकेक झाले. मुलं हरखून गेली. बाईंच्या मनात आलं, आपल्या गोष्टीतून मुलांना याहून थाटाचं काहीतरी खायला घालावं. भरपूर अंडी घातलेला कास्तेरा!

त्या वाघांच्या गोष्टीचं आपल्याशीही नातं आहे. ती लिहिली हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंनी, भारतात राहत असताना. पुस्तक छापलं गेलं १८९९ मध्ये. त्यांचे डॉक्टर पती पुढे मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेचे, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेचे, प्रमुख झाले. आणि मूळ पुस्तकात वाघांचं जे होतं, त्याला बॅनरमनबाईंनी आपल्याकडचाच शब्द वापरलाय : ‘घी’, म्हणजे तूप. या पुस्तकातलं मुलाचं नाव आणि चित्रं काळ्या माणसांचा अपमान करणारी आहेत. त्यावरच्या आक्षेपांनंतर १९८८ मध्ये जपानी प्रकाशकांनी ते मागे घेतलं. आक्षेप रास्तच होता. आज मुलांसमोर ते जुनं पुस्तक ठेवायची काहीच गरज नाही.

(दृश्य : ओट्याजवळ स्टुलावर उभं मूल. काचेचं भांडं, तीन अंडी.)

आता आपल्या घरी. तीन अंडी, ६० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम वितळवलेलं लोणी आणि दोन चमचे दूध. बेकिंग पावडर नाही, सोडा नाही. मग केक फुगणार कसा?

पांढरं वेगळं काढा. भांड्याला तुपा-तेलाचा ओशटपणा नको, पिवळ्याचा थेंबही आत नको. मुलाच्या हातात फेटणी द्या. आधी नुसते बुडबुडे येतात. मग ते बारीक होत जातात, पारदर्शक, चिकट पाण्याचा दुधासारखा फेस होतो. आता थोडी थोडी साखर घाला. हात दुखायला लागला की मोठ्यांनी फेटणी घ्यायची, पुन्हा मुलाला द्यायची. शेवटी फेटणी उचलली की तिच्या टोकाला फेसाचा तुरा उभा राहतो, वाकत नाही. फेटण्याने अंड्यातली प्रथिनं उलगडतात आणि हवा धरून ठेवतात. आच लागली की ती हवा फुगते, प्रथिनं घट्ट होतात, केक वर येतो. एवढंच. चार वर्षांच्या मुलाला प्रथिनं समजायची गरज नाही. फेसाचा तुरा त्याने स्वतः उभा केलेला असतो.

मग पिवळं, दूध, चाळलेला मैदा आणि लोणी हलक्या हाताने मिसळा. नॉनस्टिक पॅनला लोणी लावा, मिश्रण ओता, झाकण ठेवा, गॅस अगदी बारीक. अर्धा तास तरी लागतो. कच्च्या अंड्याचे हात साबणाने धुवा आणि आता पुस्तक पुन्हा उघडा.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा हा अर्धा तास. पहिल्या वाचनात मुलं पानं भराभर उलटतात. आता त्यांना थांबायचंय, कारण मधेच झाकण काढलं तर केक बसेल. गोष्टीतले प्राणीही थांबलेलेच आहेत. कोण आधी आलं? हत्ती कुठे बसलाय? घरभर सुटलेला वास आणि पानावरचा वास एकच असतो, आणि मूल चित्रातली प्रत्येक खूण शोधत बसतं.

म्हणूनच बिस्किटावर आयसिंगने उंदराचे कान काढणं मला पुरेसं वाटत नाही. दिसायला ते गोड असतं, पण त्यात गोष्ट कुठेच घडत नाही. गोष्टीत जे घडतं, तेच मुलाच्या हातून घडायला हवं : फोडणं, फेटणं, थांबणं आणि शेवटी वाटून खाणं.

(दृश्य : लाल भोपळा अर्धा कापलेला. एक चिमुकला हात बिया काढतोय.)

अंडं चालत नाही अशा घरांसाठी आपल्या आजीच्या पोतडीतली गोष्ट आहेच. ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’. म्हातारी वाघाला सांगते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. इथेही वाघ आणि इथेही तूप! आणि परत येते ती भोपळ्यात बसून.

तर भोपळाच आणूया. कापायचा मोठ्यांनी. आतल्या बिया आणि धागे काढायचे मुलांनी, कारण म्हातारीला बसायला जागा करायचीय. किसलेला भोपळा गुळाबरोबर कढईत शिजू दे. त्याला किती पाणी सुटतं ते मुलांना लांबून दाखवा. गार झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलची, चमचाभर तांदळाची पिठी, आणि मावेल तेवढीच कणीक. वरून पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मूठ मूठ कणीक घालत मुलांनी मळावं आणि ‘आता मावतेय का?’ हे त्यांनीच ठरवावं. मग तेल लावलेल्या प्लास्टिकवर किंवा केळीच्या पानावर थापायचे घारगे. तळणं मात्र मोठ्यांचं काम, मुलं तेव्हा दूर. पहिला घारगा तुपाबरोबर लगेच खायचा.

घारगे दोन-तीन दिवस सहज टिकतात, पूर्वीपासून प्रवासाच्या डब्यात जातात. निघताना लेकीने म्हातारीच्या भोपळ्यात शिदोरी म्हणून काय काय ठेवलं असेल, ते मुलांना विचारा. मुलं सांगतील ते पुढच्या रविवारी करा.