जमंना झालंय

परभणी, बीड, हिंगोलीकडच्या लोकांची शुगर तपासत इतकी वर्षं बसतोय. माणूस पायाच्या मुंग्या सांगतो, डोळ्यांचं सांगतो, चिठ्ठी खिशात घालतो, दारापर्यंत जातो आणि माघारी फिरतो. “साहेब, अजून एक होतं. घरी... जमंना झालंय.” ज्यानं त्याची झोप उडालेली असते, ते दुखणं असं उभ्या उभ्या सांगितलं जातं.

इथं ऐकायला समोर बसलेल्या काही माताभगिनींनी माना खाली घातल्यात. कृपा करून घालू नका, कारण हे दुखणं तुमच्याही वाट्याला येतं.

एक बाई डोकेदुखीसाठी आल्या होत्या. तपासण्या सगळ्या नीट. बोलता बोलता म्हणाल्या, “दीड वर्ष झालं, हे माळवदावर झोपतेत. चहा दिला तर हातात घेत नाहीत. ठेव तिथं, म्हणतेत.” मालकाचं बाहेर कुठं तरी आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. आपण आता त्यांना नकोशा झालो, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

मालक नंतर एकटे आले. बाहेर कुणीच नव्हतं. जवळ गेलो, तिनं आस धरली आणि पुन्हा फजिती झाली तर? या धास्तीनं त्या माणसानं आधी अंथरूण सोडलं, मग हात धरणं सोडलं, शेवटी चहाची कपबशीसुद्धा.

लिंगाला ताठरता येते ती रक्तानं. मेंदूचा इशारा नसा पोचवतात, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त भरतं आणि आत कोंडून राहतं. शुगर नसाही खराब करते आणि रक्तवाहिन्याही. तंबाखू आणि बीपीची त्यात भर. धास्तीनं तर वाहिन्या आणखीच आकसतात, म्हणून एकदा फसलेला माणूस पुढच्या वेळी भीतीनंच फसतो. या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे पुष्कळदा आधी त्या तुंबतात. म्हणून मी अशा माणसाचं हृदयही तपासतो. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘मर्दानी ताकद’ विकणारा ते तपासत नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

ताठरतेसाठी सिल्डेनाफिलची गोळी १९९८ पासून आहे, चांगली आहे. पण छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्यानं ती घेतली तर बीपी जिवावर बेतण्याइतकं उतरू शकतं. आणि गोळी रक्ताची वाट मोकळी करते, दीड वर्षाचा अबोला तिनं मोडत नाही.

त्यासाठी मी दोघांना समोरासमोर बसवतो. सांगतो, काही आठवडे संबंध ठेवायचाच नाही. जवळ झोपा, पाठीवरून हात फिरवा, पुढं जायचं नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९७० च्या सुमारास ही रीत मांडली. परीक्षाच नाही म्हटल्यावर नापास होण्याची भीती ओसरते.

ते दोघं परवा आले होते. शुगर अजून जास्तच आहे, ताठरतेचंही पुरतं जमलेलं नाही, औषध चालू आहे. मालक बाहेर गोळ्या घ्यायला गेले तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, “आता खाली झोपतेत.”