भागलपूरच्या वाळूत उमटलेला बंगाल

(दृश्य : पहाटेची गंगा. वाळूची बेटं, त्यांना वळसा घालून जाणारी एक होडी.)

ही गंगा बिहारमधल्या भागलपूरची. टसर रेशमाचं हे गाव. पावसाळ्यात नदी घाटाच्या पायऱ्यांना भिडते आणि उन्हाळ्यात मागे सरून वाळूचे, गवताचे लांबच लांब पट्टे उघडे टाकते. इथली माणसं त्याला दियारा म्हणतात.

बंगाली साहित्य म्हटलं की आपल्याला कोलकाता आठवतं, शांतिनिकेतन आठवतं. पण ‘श्रीकांत’ आणि ‘पथेर पांचाली’ या दोन कादंबऱ्यांचा माग काढत गेलं, की आपण या वाळूत येऊन पोचतो.

१९१२पर्यंत बिहार बंगाल प्रांतातच होता. वकिली आणि सरकारी कचेऱ्यांच्या निमित्तानं बंगाली घरं इथं येऊन रुजली. त्यांच्या वस्तीला नाव पडलं बंगाली टोला. तिथल्या गंगोपाध्यायांच्या घरी आजोळाला वाढलेला एक मुलगा म्हणजे शरच्चंद्र चट्टोपाध्याय. जन्म १८७६चा, हुगळी जिल्ह्यातल्या देवानंदपूरचा. वडील मोतीलाल कथा-कादंबऱ्या लिहायला घेत आणि अर्ध्यात सोडून देत. ती अर्धी पानं हाती लागली, की पुढं काय झालं असेल या विचारात हा पोरगा रात्र रात्र जागायचा. माझ्या मते त्याचं खरं शिक्षण तिथंच झालं. कॉलेज तर पैशांपायी मधेच सुटलं.

(दृश्य : रात्रीची नदी. वल्ह्याचा आवाज.)

इथंच त्याला राजू भेटला. राजेंद्रनाथ मजुमदार, कशालाही न भिणारा दोस्त. ‘श्रीकांत’मधला इंद्रनाथ तो हाच. अंधाऱ्या रात्री होडी घालून कोळ्यांची मासळी पळवायला निघालेली ती दोन पोरं वाचकाला विसरता येत नाहीत. वाटेत पाण्याकाठी एका लहान मुलाचं प्रेत दिसतं. इंद्र ते उचलून होडीत घेतो. श्रीकांत संकोचून विचारतो, कोणत्या जातीचं असेल? इंद्र सरळ म्हणतो, मेलेल्याला कसली आलीय जात! जातीवर बंगालीत पुष्कळ व्याख्यानं झाली असतील. एका पोराच्या तोंडचं हे वाक्य मला त्या सगळ्यांहून मोठं वाटतं.

मामालोकांचा इथं एक साहित्याचा अड्डा होता. ‘छाया’ नावाचं हस्तलिखित मासिक निघे. मामा नात्यानं वडील, पण काही जण वयानं शरदपेक्षा लहान. त्यांतले एक उपेंद्रनाथ. त्यांना लक्षात ठेवा.

१९०३मध्ये शरदबाबू रंगूनला गेले, कारकुनी करू लागले. मागं राहिलेल्या वह्यांतली ‘बडदिदी’ १९०७मध्ये ‘भारती’ मासिकात छापून आली. लेखकाला त्याचा पत्ताही नव्हता. सुरुवातीला नावही छापलेलं नव्हतं, त्यामुळे हे रवींद्रनाथांचंच लेखन, असं लोकांनी धरलं. पुढं हेच शरदबाबू मामा वरेरकरांच्या अनुवादांतून महाराष्ट्रात आले आणि मराठी वाचकांनी त्यांना घरचं माणूस मानलं.

(दृश्य : जुन्या वाड्याचा जिना, खिडकीतून दिसणारी नदी.)

१९२४ साल. खेलात घोष यांच्या जमीनदारीचा एक कर्मचारी भागलपुरात येतो. वय तीस, शिक्षकी करून झालेली, लग्नानंतर वर्षाच्या आतबाहेरच बायको वारलेली. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय. दिवसा जंगल-जमिनीचे हिशेब, आणि रात्री बंगालमधल्या आपल्या गावाचं लेखन. बांबूची बनं, आंब्याच्या कोयीची पिपाणी, इच्छामती नदीचा काठ. गाव शेकडो कोस दूर होतं म्हणूनच त्यातलं पान न् पान त्यांना दिसलं असावं. घरी बसून ‘पथेर पांचाली’ लिहून झाली असती, असं मला वाटत नाही.

पहिल्या खर्ड्यात दुर्गा नव्हती. सांगतात ते असं, की एका संध्याकाळी भागलपुरातच विस्कटल्या केसांची एक पोर त्यांच्या नजरेला पडली, आणि त्यांनी सगळं पुन्हा लिहायला घेतलं. कादंबरीतल्या अपू या मुलाला बहीण मिळाली.

वकील असलेल्या उपेंद्रनाथांच्या बैठकीला बिभूतिभूषण जाऊन बसत. होय, तेच शरदबाबूंचे मामा. त्यांनी कोलकात्याला जाऊन ‘विचित्रा’ मासिक काढलं आणि १९२८पासून त्यात ‘पथेर पांचाली’ क्रमशः छापली. १९२९मध्ये पुस्तक आलं. एकाच गावातल्या एका माणसानं भाच्याच्या तरुणपणीच्या वह्याही पाहिल्या आणि दुर्गा-अपूलाही वाचकांपुढं आणलं.

पुढं याच गावात बलाइचाँद मुखोपाध्याय डॉक्टर म्हणून राहिले, रक्त-लघवी तपासण्याची प्रयोगशाळा चालवत. लिहिताना नाव ‘बनफूल’. त्यांची ‘निमगाछ’ ही कथा पानभराचीसुद्धा नाही. लोक एका घरामागच्या कडुनिंबाची साल नेतात, पाला नेतात. एक दिवस एक कवी येतो, नुसतं पाहतो, वाखाणतो आणि जातो. झाडाला त्याच्यामागं जावंसं वाटतं, पण मुळं फार खोल गेलेली. मग एकच वाक्य येतं : त्या घरच्या सुनेची अवस्था अगदी अशीच.

(दृश्य : दियाऱ्यावरचं उंच गवत, वारा.)

पण भागलपूरचं सगळ्यात मोठं ऋण फेडलं ते ‘आरण्यक’ या कादंबरीनं. हे जंगलातलं जगणं लिहायचं, असं बिभूतिभूषणांनी १९२८च्या फेब्रुवारीतच रोजनिशीत नोंदवलं होतं. पुस्तक आलं १९३९मध्ये. कोलकात्याचा बेकार तरुण सत्यचरण जंगलाचा व्यवस्थापक होऊन येतो. हळूहळू तिथलं चांदणं त्याला वेड लावतं. तिथली माणसं चिना नावाच्या भरड धान्यावर दिवस काढतात, भात म्हणजे सण. एक युगलप्रसाद आहे, तो लांबून लांबून रानफुलांच्या बिया आणून सरस्वती कुंडाच्या काठी लावतो. त्यात त्याचा पैशाचा फायदा नाही. जमीनही त्याची नाही.

आणि भानुमती आहे, राज्य गेलेल्या आदिवासी राजाची पणती. सत्यचरण तिला विचारतो, आपण राहतो त्या देशाचं नाव काय? ती म्हणते, आम्ही गया जिल्ह्यात राहतो. भारतवर्षाचं नाव ऐकलंयस? ती मान हलवते. तिनं ऐकलेलं नाही. मग तीच विचारते, भारतवर्ष कुठल्या दिशेला आहे?

सत्यचरणला नेमलं होतं ते जंगल तोडून जमीन कुळांना द्यायला. ते काम तो करतो. प्रेम करतो आणि तोडतो, एकेक तुकडा. सहा वर्षांत फुलकिया, लवटुलिया ही सगळी रानं संपतात. कुंडाकाठची युगलप्रसादची फुलंही वाचत नाहीत. निरोपाच्या दिवशी पालखी लवटुलियावरून निघते. जिथं रान होतं तिथं झोपड्या, गुरं, कडब्याच्या गंजी, खेळणारी पोरं. सत्यचरण पाहत राहतो आणि रानातल्या आदिम देवतांची क्षमा मागतो.