बारा व्होल्टचा कॉम्प्युटर

मिरग लागला की गोव्यातल्या आमच्या वाळपईत वीज सांगून जात नाही. वारा सुटतो, माडाची झावळी तारांवर पडते आणि डीटीपीच्या माझ्या या दुकानातला मॉनिटर काळा होतो. चवथीच्या आरत्यांची पुस्तिका लावत होतो तेव्हाही असंच झालं. यूपीएसमधली ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी जुनी झालेली, तिने दोन मिनिटंही साथ दिली नाही. नऊ पानं गेली. गिऱ्हाईक उद्या सकाळी येणार होतं.

कॅबिनेट उघडून दाखवतो. हा पत्र्याचा डबा म्हणजे एसएमपीएस. भिंतीतली २३० व्होल्टची एसी वीज घेतो आणि बॅटरीसारखी, एकाच दिशेने वाहणारी डीसी देतो: पिवळ्या वायरीत १२ व्होल्ट, तांबड्यात ५, नारिंगीत ३.३. म्हणजे कॉम्प्युटरला आत डीसीच लागते. तरी आपण बॅटरीतले १२ व्होल्ट इन्व्हर्टरने २३० वर चढवतो आणि या डब्यात पुन्हा १२ वर उतरवतो. दोन्ही वेळा थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते.

मी तो डबाच काढला. त्याच्या जागी ही डीसी-टू-डीसी पट्टी, मदरबोर्डच्या २४ पिनांवर बसते आणि थेट बॅटरीच्या १२ व्होल्टवरून हेच तीन व्होल्टेज देते. घेताना एक नक्की पाहा. बॅटरी चार्जिंगला असताना १४.४ व्होल्टपर्यंत जाते, उतरत आली की ११ च्याही खाली येते. काही पट्ट्या फक्त स्थिर १२ व्होल्टवर चालतात, त्या इथे नकोत. मॉनिटर माझा १२ व्होल्टचाच आहे, अडॅप्टरवर तसं छापलेलं असतं.

आता ही वायर पाहा, केवढी जाड! माझ्या या कॉम्प्युटरच्या ९० वॅटला २३० व्होल्टवर अर्धा अँपिअरही लागत नाही, १२ वर मात्र साडेसात लागतात. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर. तो नसला आणि वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आग लागते. यात मी कुणालाच सूट देणार नाही.

१५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १८०० वॅट-अवर. अर्ध्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून ९०० धरायचे. ९० वॅटला कागदावर दहा तास, मी नऊच मोजतो. लेझर प्रिंटर यावर नाही, तो तापतानाच शेकडो वॅट ओढतो. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर इन्व्हर्टरच बरा.

बॅटरी मागच्या पडवीत ठेवलीय. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो बंद खोलीत साचू द्यायचा नाही. पावसाळ्यात टर्मिनलवर पांढरट थर चढतो, तो पुसून पेट्रोलियम जेली लावायची. पाणी फक्त डिस्टिल्ड, विहिरीचं नाही.

रात्रीचे साडेनऊ. समोरची सगळी दुकानं काळोखात. माझं सतरावं पान तपासून होतंय.