रेडिएशननंतरची मान आणि मेंदूकडे जाणारा रस्ता

पडद्यावर दिसणारा हा पांढरा जाळीदार मुखवटा गरम पाण्यात मऊ करून रुग्णाच्या चेहऱ्यावर आणि मानेवर बसवलेला आहे. तो थंड होऊन कडक झाला की त्याच्या कडा टेबलाला घट्ट अडकवतात, म्हणजे किरण सोडले जात असताना मान तसूभरही हलत नाही. तोंडाच्या, घशाच्या किंवा स्वरयंत्राच्या कर्करोगात साधारणपणे सहा ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, असे मिळून ६० ते ७० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) रेडिएशन दिले जाते. तंबाखू, मशेरी आणि गुटख्याने हा आजार महाराष्ट्रात किती घरांत नेला, हे वेगळे सांगायला नको. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली, तरी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातली गर्दी ओसरलेली नाही. या रुग्णांपैकी अनेक जण बरे होऊन कामाला लागतात, मुलांची लग्ने पाहतात, आणि ही निखळ आनंदाची गोष्ट आहे. मात्र उपचारानंतर पाच, दहा, कधी पंधरा वर्षांनी त्यांच्यातील काहींच्या मानेत एक वेगळाच धोका तयार झालेला असतो.

जबड्याच्या खाली, मानेच्या बाजूला बोटे टेकवली की जो ठोका लागतो, तो कॅरोटिड धमनीचा. मेंदूला जाणारे बहुतेक रक्त दोन्ही बाजूंच्या या धमन्यांतूनच वर चढते. कर्करोग ज्या लसीकाग्रंथींमध्ये पसरण्याची भीती असते, त्या नेमक्या या धमनीला लागून असल्यामुळे तिला पूर्णपणे वगळून किरण देणे बहुतेकदा शक्य नसते. किरणांमुळे धमनीच्या आतल्या अस्तराला इजा होते, तिच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्या बुजतात, भिंत जाड आणि ताठर होते, आणि त्यावर चरबीयुक्त थर एरवीपेक्षा लवकर साचू लागतो. वय, मधुमेह आणि रक्तदाब यांमुळे येणारा अडथळा बहुधा धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे, थोड्याच लांबीचा असतो; रेडिएशननंतरचा अडथळा मात्र लांबलचक असतो, फाट्याच्या खालीही पसरतो आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंना आढळतो.

लक्षणे आली तर ती क्षणिक वाटावीत अशी असतात. एका डोळ्यापुढे काही मिनिटे अंधार येतो, हातातला कप निसटतो, बोलताना जीभ जड होते आणि अर्ध्या तासात सारे पूर्ववत होते. घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल. वस्तुतः ही पक्षाघाताची पूर्वसूचना असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे. अनेकांना तर एवढीही सूचना मिळत नाही. फेरतपासणीला आलेल्या रुग्णाची मान डॉक्टर गाठ परतली आहे का, हे पाहण्यासाठी चाचपतात. धमनीकडे लक्ष जातेच असे नाही. मानेची डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे धमनीतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, ही सुई न टोचता, थोडेसे जेल लावून होणारी तपासणी आहे, आणि मानेवर रेडिएशन घेतलेल्या प्रत्येकाच्या फाइलमध्ये तिचा कागद असावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

अडथळा सापडला म्हणजे लगेच स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवायची असे मात्र नाही. तो सौम्य असेल आणि लक्षणे नसतील, तर ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाबावर नियंत्रण आणि तंबाखू कायमचा बंद, यावर काम भागते. अडथळा मोठा असेल, विशेषतः लक्षणे दिसून गेली असतील, तर धमनी मोकळी करण्याचा विचार होतो. मान उघडून धमनीतला थर खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया १९५० च्या दशकापासून चालत आली आहे आणि एरवी ती उत्तम आहे. पण रेडिएशन घेतलेल्या मानेत कातडी, स्नायू आणि नसा एकमेकांना चिकटून गेलेल्या असतात, जखम भरायला वेळ लागतो, आणि आवाजाच्या किंवा गिळण्याच्या नसेला इजा होण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रिया जोखमीची असलेल्या रुग्णांवर झालेल्या ‘सफायर’ या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, मानेवरील पूर्वीचे रेडिएशन हा अशा जोखमीचाच एक निकष मानला होता.

आता कॅथलॅबमधले, म्हणजे स्टेंट बसवण्याच्या खोलीतले, दृश्य पाहू. रुग्ण जागा आहे. फक्त जांघेतली जागा बधिर केली आहे. तिथून सरकवलेला कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, छातीतल्या महाधमनीच्या कमानीवरून मानेपर्यंत पोहोचतो. अडथळ्याच्या पलीकडे आधी एक इवलीशी गाळणी छत्रीसारखी उघडतात, कारण थराचा सुटलेला कण मेंदूत गेला तर तिथेच पक्षाघात होईल. मग नायटिनॉल या मिश्रधातूचा स्टेंट त्याच्या आवरणातून मोकळा होतो आणि आपोआप पसरून भिंतीला टेकतो. त्यानंतर फुगा फुगवून तो नीट बसवतात. या क्षणी मानेतल्या दाबसंवेदी नसा चेतवल्या जाऊन हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात, म्हणून ठोके वाढवणाऱ्या ॲट्रोपिनचे इंजेक्शन हाताशी भरून ठेवलेले असते. डॉक्टर मधूनमधून विचारत राहतात, “काका, डावा हात उचला बरं. तुमचं नाव सांगा.” शेवटी गाळणी मिटवून बाहेर काढली की कधी कधी तिच्यात पिवळसर कण अडकलेले दिसतात.

एवढी काळजी घेऊनही प्रक्रियेच्या वेळी पक्षाघाताचा धोका शून्यावर येत नाही, आणि हे रुग्णाच्या कुटुंबाला आधी स्पष्ट सांगितलेच पाहिजे. नंतरच्या दिवसांत रक्तदाब वाढू देता कामा नये, कारण वर्षानुवर्षे कमी रक्तावर राहिलेल्या मेंदूत अचानक जोराचा प्रवाह आल्यास तीव्र डोकेदुखी, झटके, क्वचित रक्तस्रावही होतो. रेडिएशन झालेल्या धमनीत स्टेंट पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाणही जास्त असते, म्हणून डॉप्लर ठरलेल्या मुदतीने, दोन्ही बाजूंची, करत राहावी लागते. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल निदान महिनाभर आणि ॲस्पिरिन बहुतेकदा आयुष्यभर घ्यावी लागते. रेडिएशनमुळे लाळ कमी होऊन या रुग्णांचे दात लवकर किडतात, त्यामुळे दंतवैद्याकडे जाण्याची वेळ हमखास येते. तिथे स्टेंटची आणि रेडिएशनची माहिती आधी द्यावी, आणि दात काढायचा आहे म्हणून या गोळ्या स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नयेत.